पांढरे केस झाकायला पहिल्यांदाच काहीतरी लावायचंय, काय निवडू?

शेंगापोळी
नमस्कार मंडळी. वय 42, शाळेत शिकवते, घर जुळे सोलापुरात. भांगात आणि दोन्ही कानशिलांवरचे पांढरे केस आता लपत नाहीत. मागची बाजू अजून काळी आहे, एकूण चार आणे पांढरे धरा. आजवर तेल आणि शाम्पू सोडून डोक्याला काहीही लावलेलं नाही. दिवाळीनंतर भाच्याचं लग्न आहे, त्याआधी काहीतरी करायचं नक्की केलंय.

सासूबाई मेंदीच लाव म्हणतात. मिस्टरांनी किराणा दुकानातून काळ्या मेंदीची पाकिटं आणून ठेवली आहेत. पार्लरमध्ये विचारलं तर "ग्लोबल करून टाका मॅडम, बरगंडी खुलून दिसेल" म्हणाल्या, म्हणजे सगळ्या डोक्याला एकच रंग. मेडिकलमध्ये अमोनिया नसलेला डबा पुढे केला, "हा एकदम सेफ" म्हणून. चौघांची चार मतं, आणि प्रत्येकजण ठामपणे सांगतोय.

आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, बाकी सगळं बोअरवर. बोअरचं पाणी इतकं जड की बादलीला पांढरा थर धरतो. रोज स्कूटीवरून उन्हात जाणं-येणं. मेंदी लावून बसलं की सर्दी होते का, रंग लावल्याने उरलेले केसही पांढरे होतात का, आणि एकदा सुरू केलं की जन्मभर लावत राहावं लागतं का? या तीन गोष्टींची खरीखुरी भीती वाटते. अनुभवी लोकांनी कृपया सांगा.

तुळशीवृंदावन
अगं, मेंदीसारखं दुसरं काही नाही. मी पस्तिशीपासून लावते, आज साठी ओलांडली, केस अजून हातभर आहेत. लोखंडी कढईत चहाचं पाणी, आवळा पावडर आणि मेंदी रात्री भिजवायची, सकाळी लावायची, दोन-अडीच तासांनी नुसत्या पाण्याने धुवायची. त्या दिवशी शाम्पू नाही. दुसऱ्या दिवशी तेल, तिसऱ्या दिवशी शाम्पू. सर्दीचं म्हणशील तर थंडीच्या दिवसांत सकाळी लावू नये, दुपारी उन्हं आल्यावर लावावी. चार लवंगा टाकतात काहीजणी, मीही टाकते. पार्लरच्या नादी लागू नकोस.

आरसा
ताई, माझं होटगी रोडला छोटं पार्लर आहे. रोज हाच प्रश्न येतो म्हणून जरा सविस्तर लिहिते.

काकूंच्या मेंदीबद्दल मला आदर आहे, पण एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. निव्वळ मेंदीने पांढरा केस काळा होत नाही, केशरी-तांबडा होतो. कढई, चहा, आवळा यांनी तो गडद तपकिरीकडे झुकतो, काळा मात्र नाही. पूर्ण काळ्या केसांत भांगाशी तांबडी रेघ तुम्हाला चालणार असेल तर मेंदी उत्तम. चालणार नसेल तर ते आत्ताच ठरवा, कारण मेंदीचा रंग धुण्याने जात नाही. तो केस वाढून कापला जाईपर्यंत राहतो.

पहिल्यांदा रंग लावणाऱ्या प्रत्येकीला मी एकच सांगते: नाही आवडलं तर परत फिरता येईल अशी वाट निवडा. सुंदर कोणता, स्वस्त कोणता हे नंतर बघू. तुमचे पांढरे चार आणे आहेत ना, मग तुमच्यासाठी डेमी-परमनंट. यात अमोनिया नसतो, डेव्हलपर (रंगात कालवायचं पेरॉक्साइड) सौम्य असतो, आणि रंग साधारण 20 ते 25 धुण्यांत हळूहळू उतरतो. पांढरा केस ठार काळा होत नाही, बाकीच्या केसांत मिसळून जातो. मुळाशी पांढरी पट्टी उगवते तीही फिकट होत गेलेल्या रंगाशी मिसळते, त्यामुळे ठळक दिसत नाही. नको वाटलं तर थांबा, दोनेक महिन्यांत बराचसा निघून गेलेला असतो. केसाच्या रंगावर थोडी तांबूस झाक उरते कधीकधी, तेवढं लक्षात ठेवा.

परमनंट म्हणजे अमोनिया आणि 20 व्हॉल्यूम, म्हणजे 6 टक्के पेरॉक्साइडचा डेव्हलपर. आठ आण्यांच्या वर पांढरे असतील तर तोच लागतो, पांढरा केस चिवट असतो. पण केस महिन्याला एक-सव्वा सेंटीमीटर वाढतो, त्यामुळे तीन-चार आठवड्यांत भांगात पांढरी रेघ आलीच. मग रूट टचअपचं, म्हणजे फक्त मुळांना पुन्हा रंग लावण्याचं चक्र सुरू.

बरगंडी मात्र मुळीच नको. पांढऱ्या केसावर नुसती फॅशन शेड लावली तर ती फार भडक चढते, काळ्यावर दिसतही नाही. डोक्यावर ठिपके-ठिपके दिसतात. लावायचीच असेल तर नॅचरल शेड अर्धी मिसळूनच.

ताणाबाणा
मी केसांचा माणूस नाही, सुताचा आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं डाइंगचं काम चालतं, टॉवेल-चादरीचं सूत रंगवतो. पण रसायन तेच आहे म्हणून लिहितोय.

परमनंट रंगात तयार रंग नसतोच. अमोनियाने केसाचं वरचं आवरण फुगतं, बारीक बिनरंगी रेणू आत शिरतात, पेरॉक्साइड त्यांची ऑक्सिडेशनने आत गाठ मारतं आणि मोठे रंगीत रेणू आतच अडकतात. म्हणून ते धुतलं जात नाही. डेमीमध्ये हीच क्रिया थोडी आणि वरवर होते. सेमी-परमनंटमध्ये पेरॉक्साइडच नाही, रंग बाहेरून चिकटतो आणि सात-आठ धुण्यांत जातो.

आता नीळ. कपड्यांची नव्हे, झाडाच्या पाल्याची. मेंदीवर ती लावली की तांबडा रंग काळपट होतो. आमच्याकडे निळीच्या हौदातून सूत वर काढलं की ते पिवळट-हिरवं असतं, हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होतं. डोक्यालाही अगदी तसंच. मेंदी धुऊन झाली की निळीच्या पाल्याची पावडर कोमट पाण्यात कालवायची, चिमूटभर मीठ, दहा-पंधरा मिनिटं ठेवायची. वर निळी साय दिसायला लागली आणि आत हिरवं असलं की लगेच लावायची. रात्रभर भिजवली तर वाया गेली, कारण तिचं ऑक्सिडेशन भांड्यातच होऊन बसतं. लिंबू, दही घालायचं नाही. मेंदीला आंबट मानवतं, निळीला नाही. तासाभराने धुतल्यावर केस हिरवट दिसले तरी घाबरू नका, पुढच्या दोन दिवसांत रंग काळपट होतो. माझी बायको असंच करते, तिच्या कानशिलांना रंग छान धरतो.

आरसा
@ताणाबाणा, दादा छान समजावलंत. त्यात एवढीच भर घालते. मेंदी-निळीवर पुढे कधी रंग हलका करायचं ठरवलं तर ब्लीचने नीळ हिरवी पडू शकते. म्हणून जिला पुढे हायलाइट वगैरे करायची हौस आहे तिने या वाटेला जाऊ नये.

कडकभाकरी
मला काळ्या मेंदीबद्दल बोलायचंय आणि कळकळीने बोलायचंय. मिस्टरांनी आणलेली पाकिटं उघडू नका, आधी मागची बारीक अक्षरं वाचा.

माझी आई वर्षानुवर्षं असंच एक पाकीट वापरायची, कधी काही झालं नाही. एका सणाच्या आदल्या दिवशी लावलं आणि दुसऱ्या सकाळी कपाळावर पुरळ, कानांच्या पाळ्या लाल, आणि संध्याकाळपर्यंत पापण्या इतक्या सुजल्या की डोळे उघडेनात. कानामागून पाणी झिरपत होतं. त्वचेच्या डॉक्टरांनी पाकीट मागवून घेतलं आणि त्यातला एक शब्द आम्हाला दाखवला: पॅराफेनिलिनडायमिन, म्हणजे पीपीडी. मेंदी नावाला, काळा रंग याचा. त्यांनी सांगितलं की ही ॲलर्जी पहिल्याच वेळी होते असं नाही, वीस वर्षं चाललेल्याला एकविसाव्या वर्षीही होते, आणि एकदा झाली की पुन्हा तो पदार्थ आयुष्यात लावायचा नाही. दर वेळी त्रास वाढू शकतो.

खरी मेंदी हिरवी असते आणि रंग देते तो केशरी-तांबडा. अर्ध्या तासात कुळकुळीत काळं करणारी मेंदी असूच शकत नाही.

औषधवाली
कडकभाकरींच्या एकेका शब्दाशी सहमत. मी फार्मसिस्ट आहे, दुकान बाळीवेसच्या बाजूला. गिऱ्हाईक "अमोनिया फ्री द्या, ॲलर्जी नको" म्हणून मागतं तेव्हा मी प्रत्येकाला थांबवून सांगते की अमोनिया आणि ॲलर्जी यांचा फारसा संबंध नाही. अमोनियाने वास येतो, डोळे चुरचुरतात, केस कोरडे होतात. ॲलर्जी होते ती पीपीडी आणि त्याच्या भावंडांमुळे. अमोनिया फ्री डब्यात अमोनियाऐवजी बहुतेक वेळा मोनोइथेनॉलामिन असतं आणि पीपीडी किंवा तत्सम काहीतरी असतंच. आरसाताईंचं डेमीसुद्धा त्याला अपवाद नाही. पीपीडी नसलेल्या काही रंगांत टोल्युईनडायमिन असतं, ते पीपीडीच्या रुग्णांपैकी काहींना सोसतं, काहींना नाही. ते डॉक्टरांना विचारूनच.

त्यामुळे पॅच टेस्ट. आपल्याकडे रंगाच्या पाकिटावर ही सूचना छापणं कायद्यानेच बंधनकारक आहे, भुवया-पापण्यांना लावू नका ही सूचनासुद्धा. पण वाचतं कोण! कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागेवर, पाकिटात सांगितल्याप्रमाणे थोडासा रंग लावा आणि 48 तास लक्ष ठेवा. ही प्रतिक्रिया उशिरा येते, तासाभरात काही झालं नाही म्हणजे पास झालात असं नाही. खाज, लाली, फोड, काहीही आलं की तो रंग रद्द. लग्नाला अजून वेळ आहे ना, मग टेस्ट आत्ताच करा, हळदीच्या आदल्या रात्री नको.

आणखी एक. लहान मुलांच्या किंवा यात्रेतल्या काळ्या मेंदीच्या टॅटूने कधी अंगावर फोड आले असतील तर तेही पीपीडीच असू शकतं. तसं असेल तर केसांच्या रंगाच्या नादाला लागण्याआधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. खासगी परवडत नसेल तर सिव्हिल आहे.

तुमच्या दुसऱ्या भीतीबद्दल: रंगाने उरलेले केस पांढरे होत नाहीत. केसाचा रंग मुळाशी त्वचेच्या आत ठरतो, आणि आपण रंगवतो तो बाहेर आलेला निर्जीव भाग. वय वाढतंय म्हणून पांढरे वाढतात आणि दोष रंगावर येतो. पण तिशीच्या आतच झपाट्याने पांढरे होत असतील तर बी 12 आणि थायरॉइड तपासून घ्यावं.

शेंगापोळी
बाप रे, किती नवीन कळलं! पाकिटं बाजूला ठेवली. मागे खरंच पी-फेनिलिनडायमिन असं छापलंय, आणि पुढे मेंदीच्या पानांचं चित्र.

कॅन्सरचं काय पण? आमच्या स्टाफरूममध्ये एक मॅडम तेच सांगत होत्या.

औषधवाली
जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2010 मध्ये याचा अहवाल छापला आहे. घरी स्वतःच्या केसांना रंग लावणाऱ्यांबाबत "वर्गीकरण करण्याइतका पुरावा नाही" असा गट दिलाय. रोज दिवसभर हाताळणाऱ्या पार्लर-सलूनवाल्यांच्या कामाला मात्र "बहुधा कर्करोगकारक" या गटात टाकलंय. म्हणून आरसाताई, तुम्ही मात्र हातमोजे आणि खिडकी उघडी, यात हयगय करू नका.

आरसा
हो ताई, हातमोज्यांशिवाय मी हात लावत नाही, मुलींनाही लावू देत नाही.

चंदेरी
एक वेगळा आवाज. मी चाळिशीत रंग सुरू केला आणि पन्नाशीत सोडला. सोडताना वर्षभर अर्धे पांढरे अर्धे तपकिरी घेऊन फिरले. शेवटी खांद्यापर्यंत कापले तेव्हा सुटले. आता पूर्ण चंदेरी आहेत आणि मला फार आवडतात. शेंगापोळी, तुम्हाला लावायचेच असतील तर जरूर लावा, पण आरसा म्हणतायत ते मनावर घ्या. मला त्या वेळी परमनंटऐवजी डेमी कोणी सुचवलं असतं तर सोडणं सोपं गेलं असतं. जन्मभर लावावं लागतं का, याचं उत्तर त्यातच आहे.

तुळशीवृंदावन
@आरसा, तुझं पटतंय थोडं. मीही पाकिटातली काळी मेंदी कधी घरात येऊ दिली नाही. माझी मेंदी पाल्याची, सुनेने चाळून दिलेली. फक्त एक सांग, जड पाण्याचं काय करायचं? मेंदी धुताना माझेही केस काथ्यासारखे होतात आणि धुवायला दोन बादल्या लागतात.

आरसा
काकू, सोलापुरात हा मोठाच प्रश्न आहे. बोअरच्या पाण्यातले क्षार केसांवर बसतात, रंग मंद दिसतो आणि केस राठ लागतात. मी गिऱ्हाइकांना सांगते, रंगाचा किंवा मेंदीचा बेत नळाला पाणी येण्याच्या दिवशी ठेवा. नळाचं, उजनी धरणाचं पाणी बोअरपेक्षा पुष्कळ बरं. तेही शक्य नसेल तर पहिलं धुणं बोअरने करा आणि शेवटचे दोन-तीन तांबे फिल्टरच्या पाण्याचे घ्या. मेंदी आधी बादलीत डोकं बुडवून हलवून काढली की निम्मं पाणी वाचतं. नंतर कंडिशनर लावून पाच मिनिटं थांबायचं, मेंदीच्या दिवशीसुद्धा. शाम्पू नको, कंडिशनर चालतो.

उन्हाचंही तसंच. मे महिन्यात पारा 43-44 वर असताना दुपारी रंग लावायला बसू नका. घामाने ओघळ कपाळावर येतात आणि डोळ्यांत जातात. स्कूटीवर सुती स्कार्फ बांधाच, उन्हाने रंग लवकर विटतो.

सातरस्ता
मी पुरुष माणूस, विचारू का नको असं झालं होतं. माझ्या मिशा पांढऱ्या झाल्यात, डोकं काळं आहे. कटिंगवाला पावडर डाय लावून देतो, दोन दिवस ओठावर काळा डाग राहतो. काय करावं?

औषधवाली
दादा, मिशीखालची त्वचा नाजूक असते आणि रंग नाका-तोंडाजवळ येतो. कानामागे टेस्ट करा, मगच. डाग पडतो कारण रंग जास्त वेळ ठेवला जातो. मिशी-दाढीसाठी वेगळे रंग मिळतात, त्यांना पाचेक मिनिटं पुरतात. लावण्याआधी ओठावर आणि कडेने व्हॅसलिन लावा. खाज सुटली तर लगेच धुऊन टाका, पूर्ण वेळ होऊ देऊ नका.

सातरस्ता
खूप धन्यवाद ताई. कटिंगवाल्याला हेच सांगतो. "काय करलालाव, एवढं काय घाबरलालाव" म्हणेल, पण टेस्ट केल्याशिवाय बसणार नाही.

शेंगापोळी
मंडळी, माझं झालं, म्हणून सांगायला आले.

कोपराच्या आत टेस्ट केली, 48 तासांत काही झालं नाही. त्यानंतर डेमी-परमनंट, 4 नंबरची तपकिरी शेड. 3 घेणार होते, पण पार्लरवाल्या ताई म्हणाल्या पहिल्या वेळी एक पायरी फिकट घ्या, गडद नंतर कधीही करता येतं, फिकट करणं अवघड. (हे दुसरं पार्लर, बरगंडीवालं नाही.) आदल्या दिवशी केस धुवायचे नाहीत असं सांगितलं होतं, डोक्याला थोडं नैसर्गिक तेल असलेलं बरं म्हणून. कपाळाच्या कडेने व्हॅसलिन लावून त्यांनी सुरुवात कानशिलांपासून केली, तिथले केस सगळ्यात चिवट म्हणून. मग भांग, आणि शेवटी उरलेला रंग लांबीवर. धातूची वाटी वापरली नाही, प्लास्टिकचीच. कालवलेला थोडा रंग उरला तो मी घरी मागितला तर त्यांनी टाकूनच दिला. बंद बाटलीत ठेवला तर वायू साठून फुटतो म्हणाल्या.

रंग मला आवडला. भांगातले पांढरे आता उन्हात तपकिरी चमकतात, सावलीत काळ्यात मिसळून जातात. कानशिलांवर दोन बटा जरा फिक्या राहिल्या आहेत. सासूबाईंनी हात लावून बघितलं आणि केस मऊ आहेत म्हणाल्या, तेवढ्यावर त्यांची परवानगी मिळाली. मिस्टरांनी पाकिटं दुकानात परत दिली.

लग्नाच्या आठवडाभर आधी पुन्हा एकदा लावावं म्हणते. तेव्हा कानशिलं नीट धरावीत म्हणून वेळ वाढवायचा का?

आरसा
अभिनंदन ताई! वेळ डब्यावर लिहिलाय त्याच्या पुढे नेऊ नका. पूर्ण वेळ हवा तर कानशिलांना सगळ्यात आधी लावा आणि रंग दाबून, जाडसर थर द्या, तिथे पातळ लागला की धरत नाही. तरीही फिके राहिले तर फक्त तेवढ्या भागाला परमनंट रूट टचअप करता येतो, सगळ्या डोक्याला नको. आणि लांबीवर पुन्हा पूर्ण वेळ रंग लावू नका, शेवटची पाच मिनिटं पुरे. नाहीतर टोकांकडे रंग साचून ती काळीभोर दिसायला लागतात.

औषधवाली
आणि लग्नाआधीच्या वेळी टेस्ट पुन्हा करा हं, शेड तीच असली तरी. कडकभाकरींच्या आईंचं वर लिहिलंच आहे.

शेंगापोळी
हो, कोपरावर तारीख घालूनच ठेवते.